छायाचित्राचा भार हलका कसा होतो?

परीक्षेचा अर्ज संगणकावरून धाडावयाचा म्हटला म्हणजे विद्यार्थ्याचें छायाचित्र सोबत जोडावें लागतें. आणि फाइल अमुक किलोबाइटांहून मोठी नसावी, अशी बहुधा अट असते. मग घरोघर धांदल उडते. कोणी चित्र इतकें आंवळतो कीं चेहरा ओळखूं येत नाहीं; कोणी मूळ चित्रच गमावून बसतो. तेव्हां चित्र लहान होतें म्हणजे नेमकें काय होतें, हें विद्यार्थ्यांनीं व पालकांनींही पाहिलें पाहिजे.

असें चित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी होय. मोबाइलच्या चित्रांत आडवे ४००० व उभे ३००० ठिपके धरले, तर एकंदर १ कोटि २० लक्ष झाले. प्रत्येकास तांबड्या, हिरव्या व निळ्या रंगाचा एकेक बाइट लागतो; म्हणजे ३ कोटि ६० लक्ष बाइट! परंतु प्रत्यक्ष फाइल याच्या कितीतरी कमी भरते. उरलेला भार गेला कोठें?

तो जेपेग नांवाच्या पद्धतीनें काढून टाकलेला असतो. ही पद्धति १९९२ सालीं प्रमाण म्हणून मान्य झाली. तिचें मर्म आपल्या डोळ्यांतच आहे. उजेडाचा फरक डोळा बारकाईनें टिपतो, रंगाचा तितका नाहीं. म्हणून रंगाची माहिती आरंभींच विरळ करितां येते. मग चित्राचे ८ × ८ ठिपक्यांचे चौकोन पाडून, त्यांतील सावकाश बदलणारा भाग व झपाट्यानें बदलणारा भाग गणितानें निराळे करितात. हें गणित नासिर अहमद या भारतीय वंशाच्या संशोधकानें टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ सालीं प्रसिद्ध केलें. त्यासाठीं १९७२ सालीं मागितलेलें अनुदान त्यांस मिळालें नव्हतें. कल्पना फारच सोपी वाटली म्हणे!

यापुढें झपाट्यानें बदलणाऱ्या भागाचे आंकडे ढोबळ करितात; पुष्कळ तर शून्यच होतात. शून्यांची रांग थोडक्यांत लिहितां येते, व वारंवार येणाऱ्या आंकड्यांस आंखूड संकेत देतात. ही संकेतांची युक्ति हफमन यांनीं १९५२ सालीं प्रसिद्ध केली.

ढोबळ केलेला आंकडा मात्र पुन्हां मूळचा होत नाहीं. चित्र मोठें करून पाहिलें तरी गेलेला बारकावा परत येत नाहीं, आणि तीच फाइल पुनःपुन्हां बदलून सांठविली तर झीज वाढत जाते. म्हणून मूळ प्रत बाजूस ठेवून नकलेवरच काम करावें. प्रथम नको तो भाग कापावा. नंतर ठिपके कमी करावे. रुंदी ४००० वरून १००० व उंची त्याच प्रमाणांत केली, तर ठिपके सोळाव्या हिश्श्यावर येतात. एवढ्यानें न भागल्यासच गुणवत्तेचा आंकडा थोडाथोडा उतरवावा. पुष्कळजण नेमकें याच्या उलट करितात.

अक्षरांच्या तीक्ष्ण कडांस जेपेग मानवत नाहीं. कडांभोंवतीं धुरकट डाग उमटतात. गुणपत्रिकेची घरची प्रत १९९६ सालच्या पीएनजी पद्धतीनें ठेवावी. तींत एकही ठिपका बदलत नाहीं, फाइल मात्र मोठी होते. आजोबांचें जुनें छायाचित्र व्हॉट्सॲपवरून छापखान्यास पाठवावयाचें असेल तर तें ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावें. चित्र म्हणून पाठविल्यास वाटेंतच तें लहान केलें जातें.