पक्ष्यांची परळ आणि डासांची धास्ती

प्रश्न : गॅलरीत पक्ष्यांसाठी पाणी ठेवले, तर डेंग्यू पसरेल असे सोसायटीतले लोक म्हणतात. ठेवावे की नाही?

उत्तर : जरूर ठेवा. पक्ष्यांना घर्मग्रंथी नसतात. चोच उघडून धापा टाकत ते अंगातली उष्णता घालवतात आणि त्यात पाणी खर्ची पडते. शेजाऱ्यांची शंकाही खोटी नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, पण अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. पाणी रोज बदलले, की हे चक्र मध्येच तुटते. नुसते ओतून मात्र भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेलगत कडेला चिकटतात आणि सुकली तरी कित्येक महिने तग धरतात, म्हणून पाण्याची परळ, म्हणजे पसरट भांडे, आठवड्यातून दोनदा काथ्याने खसखसून घासा. ती मातीचीच हवी. माती पाझरते, म्हणून पाणी गार राहते. स्टील उन्हात चटके देते. पाणी दोन बोटे, मधोमध खडबडीत दगड, म्हणजे मधमाशीही बुडत नाही. दाणे टाकू नका. त्यावर कबुतरेच जमतात आणि मग सोसायटीची तक्रार रास्त ठरते. गावाला जाताना परळ पालथी घाला.