एक घड्याळ, दोन किनारे

सुपेल्याच्या बाजारपेठेत दुपारचे बारा वाजतात तेव्हा सूर्यही जवळजवळ माथ्यावर आलेला असतो. भिलाईकरांना यात नवल वाटत नाही. परंतु देशातील फार थोड्या शहरांना हा मेळ लाभला आहे. भारतीय प्रमाणवेळ ज्या ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते, ते आपल्या छत्तीसगडमधूनच जाते. एक अंश फिरण्यास पृथ्वीला चार मिनिटे लागतात. भिलाई या रेषेच्या पश्चिमेस सुमारे सव्वा अंशावर असल्याने येथील सूर्यवेळ सरासरीने घड्याळाच्या पाचच मिनिटे मागे असते.

आता हाच हिशेब भिलाईवरून जाणाऱ्या मुंबई-हावडा लोहमार्गाच्या दोन्ही टोकांना लावून पाहू. एका टोकाला समुद्रकाठची मुंबई, दुसऱ्या टोकाला हुगळीच्या पलीकडे कोलकाता. मुंबई त्या रेषेच्या सुमारे पावणेदहा अंश पश्चिमेस, म्हणजे सूर्य ३९ मिनिटे मागे. कोलकाता जवळजवळ सहा अंश पूर्वेस, म्हणजे सूर्य २३ मिनिटे पुढे. एकाच प्रमाणवेळेखाली एक तास दोन मिनिटांचे अंतर!

व्यवहारात हे अंतर कसे दिसते? जूनच्या उत्तरार्धात कोलकात्यात पाच वाजण्यापूर्वीच सूर्योदय होतो आणि हुगळीच्या घाटांवर स्नानाची वर्दळ सुरू होते. त्या वेळी मुंबईत अंधारच असतो. उलट डिसेंबरच्या अखेरीस कोलकात्यात पाचच्या सुमारास सूर्यास्त होतो. तेथील शाखेतील कर्मचारी दिव्यांच्या उजेडात घरी परततात, तर मुंबईकरांना सहापर्यंत सूर्य दिसतो. (बँकेचा दिवस मात्र दोन्हीकडे सूर्यास्ताने संपत नाही, ताळमेळ जुळल्यावरच संपतो, हे सहकाऱ्यांना सांगायला नको.)

पाण्यावर पोट असणाऱ्यांचे गणित आणखी निराळे. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. त्यामुळे मुंबईचा कोळी घड्याळाआधी तिथी पाहतो. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, हे त्याला तोंडपाठ असते. हुगळीतही उधाणाच्या दिवसांत भरतीची लाट उसळत आत शिरते. तिला तेथे ‘बान’ म्हणतात. ती येण्याआधी नावाडी नावा सावरून ठेवतात.

घड्याळाचा खरा भार पडतो तो पगारी माणसावर. १ जानेवारी १९०६ रोजी प्रमाणवेळ लागू झाली आणि मुंबईचे काटे ३९ मिनिटे पुढे सरकले. भोंग्याचा आकडा तोच ठेवला, तर कामगाराला सूर्याच्या हिशेबाने तेवढे आधी उठणे भाग होते. त्याच आठवड्यात गिरणी कामगारांचा असंतोष उफाळून आला. मुंबई महापालिकेनेही दीर्घकाळ स्थानिक वेळच पाळली. ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत टिकला. कोलकात्यानेही आपली वेळ १९४८ पर्यंत सोडली नव्हती. याला निव्वळ हटवादीपणा म्हणणे मला उचित वाटत नाही.

आज हा भार बहुधा मुलांवर पडतो. अर्थशास्त्रज्ञ मौलिक जगनानी यांच्या अभ्यासानुसार सूर्यास्त एक तास उशिरा झाल्यास भारतातील मुलांची झोप सुमारे अर्ध्या तासाने कमी होते. रात्री झोपायला उशीर होतो, शाळेची घंटा मात्र ठरल्या वेळीच वाजते. गरीब घरांत हा परिणाम अधिक आढळतो. पंखा नाही, स्वतंत्र खोली नाही, तेथे लवकर झोपवणार तरी कसे? पश्चिमेकडील पालकांनी, आणि शाळांनीही, हे ध्यानी घ्यावे.

यावर तोडगा म्हणून देशात दोन वेळा असाव्यात, असा प्रस्ताव राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये मांडला. सीमारेषा बंगाल व आसाम यांच्या हद्दीजवळ सुचवली होती, आणि तिच्या पूर्वेकडील घड्याळे एक तास पुढे जायची होती. शासनाने तो प्रस्ताव स्वीकारला नाही. स्वीकारला असता, तरी मुंबई, सुपेला आणि कोलकाता ही तिन्ही ठिकाणे त्या रेषेच्या पश्चिमेसच, एकाच वेळेत राहिली असती.