तिची वेणी

अगं, काल फोनवर तुझा आवाज रडवेला वाटला. पोर येऊन तीन आठवडे झाले तरी तुला कसलीच हाक मारत नाही म्हणालीस. माझ्याकडची नऊ वर्षांची होती. दोन महिने ती मला नुसतं "ऐका ना" म्हणायची. मग एकदा लावणीवरून मला यायला अंधार झाला, तर दारातूनच ओरडली, "काकू, किती उशीर!" मी चिखलाच्या पायांनी तशीच उंबऱ्यावर बसले.

काकू, मावशी, जे येईल ते येऊ दे. आई म्हणायला मात्र लावू नकोस. तिला आई आहे.

दत्तक घेतलेलं मूल कायद्यानं आपलं होतं. प्रतिपालक म्हणून घेतलेलं मूल बालकल्याण समितीनं आपल्यावर सोपवलेलं असतं. 2015च्या कायद्यात तसं स्पष्ट आहे. 2024 पासून नियम थोडे सैल झालेत. 35 ते 60 वयाची एकटी बाईही प्रतिपालक होऊ शकते. दत्तकासाठी मोकळं झालेलं मूल असेल, तर आधी पाच वर्षं सांभाळल्यावर दत्तक मागता यायचं, आता दोन. पण ती दोन वर्षं बोटांवर मोजत बसू नकोस. पोराला ते कळतं गं, आपण कशाची वाट बघतोय ते.

आमच्या उरवडे गावात तशी दुसऱ्याची पोरं सांभाळणं नवं नाही. 7 जून 2021ला इथल्या कंपनीत आग लागली, त्यात गेलेल्यांत बहुतेक बायकाच होत्या. आई गेलेलं घर म्हणजे काय, ते त्या पावसाळ्यात अख्ख्या गावानं पाहिलं. अशा वेळी आजी, मावशी, चुलती पुढे होते, आणि कुणी तिला प्रतिपालक वगैरे म्हणत नाही. त्यांच्यासाठी बालसंगोपन योजना आहे, महिन्याला 2,250 रुपये. कुणी ओळखीचं असेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात अर्ज करायला सांग. तुझ्यासारख्या प्रतिपालकाला मिशन वात्सल्य योजनेतून महिन्याला 4,000 धरलेत. त्यावर घरखर्च बसवू नकोस. मिळाले की पोरीच्या वह्या-कपड्यांना लाव.

आता गावाचं. दळणाला गेलीस की विचारतील, "कोणाची गं ही? कुठल्या जातीची?" तिच्यादेखत विचारतील. मी पहिल्यांदा गडबडून काहीतरी सांगून बसले, आणि त्या रात्री ती जेवली नाही. तेव्हापासून एकच उत्तर दिलं: "आमच्याकडची आहे." पुढचं विचारलं तर पिशवी उचलून चालू लागायचं. आणि तिचा फोटो स्टेटसला टाकू नकोस, कितीही गोड आला तरी. तिची ओळख उघड करायला कायद्यानंच मनाई आहे. म्हणून तर मीही माझ्याकडच्या पोरीचं नाव तुझ्याजवळसुद्धा घेत नाही.

रात्री तुझी पोर ओरडेल, काहीतरी फोडेल, "तुम्ही माझ्या कोण?" म्हणेल. बहुतेक वेळा आईला भेटून आल्यावरच. माझ्याकडचीनं पाण्याचा माठ फोडला होता. मला वाटलं, आईला भेटवूच नये. तसं वाटतंच, पण त्यात आपली जळजळही असते, हे मला फार उशिरा कळलं.

रोज वेणी घालताना ती कुरकुरायची, "असं नाही, माझी आई असं नाही घालत." पुढच्या भेटीला मी फणी बरोबर नेली. म्हटलं, "ताई, तुम्ही कशी घालता ते दाखवा मला." तिची आई आजारानं थकलेली, बोटं थरथरत होती. तरी तिनं दोनदा सोडून, दोनदा घालून दाखवली. भांग जरासा डावीकडे, आणि पेड कानामागून. पोर दोघींच्या मध्ये बसली होती, मान अजिबात न हलवता.

त्यानंतर माठ फुटला नाही.

चौदा महिन्यांनी ती आईकडे परत गेली. मी आठवडाभर दोघांच्याच स्वयंपाकाला तिघांचे तांदूळ धुवायची. गेल्या रविवारी फोन आला. आई आता बरी आहे, कामाला जाते, म्हणून सकाळी वेणी तिची तीच घालते. "काकू, भांग डावीकडेच काढते हं," म्हणाली.

तू फणी घेऊन जा पुढच्या भेटीला.