जुन्या डॉवेल यंत्रावर गोल काठ्या काढताना

हाताने फिरवायचे डॉवेल यंत्र चौकोनी पट्टीची गोल काठी करून देते. त्यातले सर्वात परिचित म्हणजे अमेरिकेतील स्टॅन्ली कंपनीचे 77 क्रमांकाचे यंत्र. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले हे बिडाचे यंत्र जुन्या हत्यारांच्या बाजारात आजही मिळते. हँडल फिरवले की दातेरी चाकांमधून पाते बसवलेले डोके फिरते आणि पट्टी न फिरता त्यातून पुढे सरकते. पेन्सिल स्थिर धरून शार्पनर फिरवावा, तसाच हा प्रकार.

प्रत्येक जाडीसाठी वेगळे डोके लागते. एकच डोके असलेले यंत्र स्वस्तात मिळाले तरी बाकीची डोकी शोधण्यात मूळ किमतीहून जास्त खर्च होऊ शकतो. घेण्याआधी हँडल पूर्ण फिरवून चाकांचा एकही दाता तुटलेला नाही, हे पाहावे. गंज रॉकेल आणि तारेच्या ब्रशने काढावा. काठी जिथून बाहेर पडते त्या छिद्राला मात्र पॉलिश पेपर लावू नये. ते छिद्रच काठीला सरळ ठेवते; मोठे झाले की काठी आत हलते आणि तिच्यावर मळसूत्रासारख्या रेघा उमटतात.

नव्या माणसाची काठी बिघडली की तो यंत्राला नावे ठेवतो. दोष बहुतेक वेळा लाकडाचा असतो. पट्टीच्या रेषा तिरक्या असतील तर पाते अर्ध्या फेरीत रेषांच्या बाजूने आणि अर्ध्या फेरीत उलट कापते. मग ढलप्या उपटल्या जातात किंवा काठी मध्येच मोडते. म्हणून पट्टी करवतीने कापण्यापेक्षा रेषेने फोडून काढलेली चांगली. गाठ अजिबात नको. मेपल, बर्च, बीच यांच्या काठ्या सफाईदार निघतात. सागाच्याही निघतात, पण सागातल्या सिलिकामुळे पात्याची धार लवकर जाते.

लाकूड वाळलेलेच हवे. लाकूड वाळताना वर्तुळरेषांच्या दिशेने जेवढे आकसते, त्याच्या साधारण निम्मेच गाभ्याकडून सालीच्या दिशेने आकसते. त्यामुळे ओल्या लाकडाची आज गोल असलेली काठी महिन्याभरात लंबगोल होते.

पट्टी तयार जाडीपेक्षा साधारण दीड मिलिमीटर जास्त ठेवावी आणि रंध्याने तिच्या कडा मारून टोक निमुळते करावे. पाते केस कापेल इतके धारदार हवे. टाकाऊ तुकड्यावर ते पुढेमागे करून पाहावे. जास्त पुढे आले तर काठी बारीक होऊन छिद्रात खडखडते, मागे राहिले तर अडकते. अडकल्यावर हँडलवर जोर करू नये, पट्टी मागे घ्यावी. वेळ वाचवायला हँडल काढून ड्रिल मशीन जोडण्याचा मोह अनेकांना होतो; पण बीड ठिसूळ असते, झटक्याने दाते उडतात. चाके उघडी असल्याने सैल बाह्या आणि बोटे दूर ठेवावीत.

या यंत्राची मापे इंचात असतात, आणि भारतात सहज मिळणारी ड्रिलची पाती मिलिमीटरमध्ये. 3/8 इंचाची काठी 9.5 मिलिमीटर भरते. सांध्यासाठी पाडलेल्या 10 मिलिमीटरच्या छिद्रात ती सैल बसते आणि तो अर्धा मिलिमीटर सरस भरून काढत नाही. खुर्चीचे पाय डुगडुगू लागतात ते इथूनच. आधी काठी काढावी, कॅलिपरने दोन-तीन जागी मोजावी, मग टाकाऊ लाकडात छिद्र पाडून बसवून पाहावी आणि नंतरच खऱ्या कामाला ड्रिल लावावे. योग्य माप मिळत नसेल तर इंचातले ड्रिलचे पाते विकत घेणे, काठीवर कागद गुंडाळण्यापेक्षा केव्हाही बरे.

यंत्रातून निघालेली काठी गुळगुळीत असते. घट्ट छिद्रात ठोकली की सरस खाली कोंडतो आणि त्या दाबाने लाकूड तडकू शकते. करवतीने काठीवर लांबीभर एक उथळ खाच पाडली, की जादा सरसाला वर यायला वाट मिळते.