माना वर झाल्या की थांबा

हतनूर धरणाच्या पाणफुगवट्यावर कॅमेरा घेऊन पहिल्यांदा निघालेली मंडळी मला लेन्स कोणती घ्यावी हे विचारतात. ते नंतर. आधी पट्टकादंबांच्या माना बघायला शिका. थवा निवांत असला की माना खाली असतात, नाहीतर पिसांत खुपसलेल्या. एखादी मान वर दिसली तर तो राखणीवरचा पक्षी. पण दहा-बारा माना एकदम ताठ झाल्या, सगळी तोंडं एकाच दिशेला वळली आणि थवा चालू लागला, की पुढचं पाऊल टाकू नका. आहात तिथेच खाली बसा. कॅमेरासुद्धा वर उचलू नका. माना पुन्हा खाली गेल्यावरच हात हलवायचा.

हे इतकं ठासून सांगते, कारण चांगदेवच्या बाजूला एका डिसेंबरात मी काय पाहिलं ते विसरले नाही. तापी-पूर्णेच्या संगमापासून जरा वरच्या अंगाला आम्ही बांधाआड बसलो होतो. धरणात गाळ फार, त्यामुळे काठाला पाणी उथळ. पक्ष्यांना ते सोयीचंच. पाणी उतरलेल्या पट्ट्यात पट्टकादंब विसावले होते, पलीकडे थापट्या आणि चक्रवाक. तेवढ्यात समोरून दोन मोटारसायकली गाळ तुडवत थेट थव्यावर आल्या. त्यांना उडत्या थव्याचा फोटो हवा होता. तो मिळाला. तरी थवा फिरून बसायला आला की पुन्हा उठवला, आणि पुन्हा. शेवटी पक्ष्यांनी काठाचा नाद सोडला आणि भर दिवसा गाळपेरीच्या हरभऱ्यात उतरले.

शेतकरी काका हातात काठी घेऊन धावत आले. मोटारसायकलवाले तोवर गेले होते, समोर आम्हीच होतो. "ताई, तुम्ही लोकं उठवता, मंग ते आमच्या हरभऱ्यात बसतात," ते म्हणाले. त्यांचं एक अक्षरही खोटं नव्हतं. धरणाचं पाणी उतरतं तशी उघडी पडणारी गाळपेर जमीन, तिच्यात थोड्या दिवसांत हाती येणारं पीक, आणि कोवळ्या हरभऱ्यावर-गव्हावर मन असलेला हा पक्षी. एरवी तो बहुतेक रात्री आणि पहाटे चरतो, दिवसा पाण्याकाठी विसावतो. दिवसाचा विसावा मोडला की तो शेताकडे वळतो, शेतकरी वैतागतो आणि पुढच्या खेपेला प्रत्येक कॅमेरावाल्याला बांधावरून हाकलतो. त्यात पक्षी, शेतकरी आणि आपण तिघांचंही नुकसान.

पक्ष्याचं सगळ्यात जास्त. हा पाहुणा तिबेट, मंगोलिया, लडाखकडचा. परतताना त्याला हिमालय ओलांडायचा असतो. अंगावर यंत्र बसवलेल्या पट्टकादंबांनी सात हजार मीटरच्या वर उड्डाण केल्याची नोंद आहे. त्या प्रवासाची शिदोरी म्हणजे हिवाळ्यात अंगावर साठवलेली चरबी. जड अंगाच्या पक्ष्याला जमिनीवरून उठायलाच सगळ्यात जास्त ताकद लागते. आपण गमतीने उठवलेला थवा ती शिदोरी इथेच, मुक्ताईनगर तालुक्यात, खर्च करून बसतो.

उडता थवा टिपायचाच असेल तर सूर्योदयाआधी काठावर जाऊन बसा. रात्रभर चरलेले थवे तेव्हा आपणहून पाण्याकडे परततात. सूर्य पाठीशी राहील अशी जागा अंधारातच धरा, कपडे मातकट रंगाचे घाला. ऊन चढलं की ओल्या गाळावर हवा थरथरते आणि कितीही महागडी लेन्स असली तरी लांबचं चित्र धूसर येतं. मग माणूस जवळ जायला बघतो. त्या वेळी जवळ जाण्यापेक्षा घरी निघावं. बांधावरून जाण्याआधी शेतात माणूस दिसला तर विचारा, आणि चांगला फोटो आला तर त्याची छापलेली प्रत त्यांना नेऊन द्या. काकांशी आमचं पुढे जमलं ते असंच.

सराव मात्र घरीच करा. आमच्या पिंप्राळ्याच्या गच्चीवर थंडीत कृष्ण थिरथिरा येतो. टाकीच्या पाइपवर बसतो, शेपटी थरथरवतो, खाली झेपावून किडा उचलतो. मी कॅमेरा घेऊन जिन्याच्या दारात दिसले की तो शेजारच्यांच्या कठड्यावर जातो. सासूबाई मात्र कोवळ्या उन्हात तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या असतात, आणि शेंगांतून निघालेली अळी उचलायला तो त्यांच्या सुपापर्यंत येतो. त्या त्याच्याकडे बघतही नाहीत. आता मीही कॅमेरा मांडीवर ठेवून त्यांच्यासोबत शेंगा सोलते. निवडण-टिपण होतं, फोटो मिळतो आणि सकाळच्या कामांवरून घरात वादही होत नाही. घरात लहान मुलं असतील तर त्यांनाही असंच शेजारी बसवा. मेहरूण तलावावर नेलंत तर वारकरी पक्षी बऱ्याच जवळून दिसतील, कारण त्यांना फिरायला येणाऱ्यांची सवय असते. तेच अंतर हतनूरला चालेल असं समजू नका.

एक गोष्ट रानपिंगळ्याची. 1884 नंतर हा पक्षी कोणाला सापडला नव्हता, तो 1997 साली आपल्या खान्देशात, शहाद्याजवळ सापडला. यावल अभयारण्यातही तो आहे. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला पुढ्यात बोलावणं मला मुळीच मान्य नाही. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असं समजून तो शिकार आणि घरटं सोडून धावून येतो. कोणी असा फोटो दाखवला तर कौतुक करू नका, आवाज वाजवला होता का ते विचारा.

महाशिवरात्रीच्या सुमाराला चांगदेव-मुक्ताईच्या यात्रेची गर्दी सुरू होते. पट्टकादंबांची निघायची वेळही तेव्हाच जवळ आलेली असते. त्या दिवसांत मी काठावर उतरत नाही. घरच्यांबरोबर यात्रेला जाते, दर्शन झालं की लांब उंचावर उभी राहते आणि दुर्बिणीतून थवे मोजून वहीत तारीख टाकते. लेन्सचं म्हणाल, तर नवशिक्याला 300 मिलिमीटरची पुरते. उरलेल्या पैशात घरातल्या दुसऱ्या माणसासाठी एक दुर्बीण घ्या.