थंडीत पिकअप सुरू होईना? आधी सेल्फचा आवाज ऐका

पौष-माघात निफाड, दिंडोरी, चांदवड पट्ट्यात पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली उतरतो. नेमक्या त्याच दिवसांत द्राक्षाची काढणी सुरू होते आणि रांगडा कांदा बाजाराकडे निघतो. क्रेट रचून झालेले असतात, मजूर खोळंबलेले असतात आणि दहा-बारा वर्षं वापरलेली डिझेल पिकअप सेल्फ मारून मारूनही दाद देत नाही. अशा वेळी पहिला संशय बॅटरीवर जातो. नवी बॅटरी बसली की ती इंजिन जोरात फिरवते, त्यामुळे आठवडाभर गाडी बरी वागते. मूळ दुखणं मात्र तसंच राहतं आणि पुढच्या थंडीच्या लाटेत पुन्हा डोकं वर काढतं.

खिशात हात घालण्यापूर्वी कान द्यावा. ‘गाडी उशिरा सुरू होते’ या एका तक्रारीत दोन वेगळे आजार दडलेले असतात. एकात इंजिन रडत-कण्हत, सावकाश फिरतं. दुसऱ्यात ते चांगलं टणाटण फिरतं, पण पेट घेत नाही. पहिल्याचं मूळ वीज आणि सेल्फकडे सापडतं, दुसऱ्याचं डिझेल, हवा आणि कंप्रेशनकडे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, दाबलेली हवा तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटतं. त्यासाठी सेल्फने इंजिन मिनिटाला साधारण दीडशे-दोनशे फेऱ्यांनी तरी फिरवावं लागतं. फिरकी मंदावली की दाबलेली हवा रिंगांच्या फटीतून निसटते, उरलेली उष्णता गार सिलिंडर पिऊन टाकतो.

इंजिन सावकाश फिरत असेल तर साधा मल्टिमीटर पुरे. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी सकाळी १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवी. १२.२ म्हणजे ती जेमतेम अर्धी भरलेली आहे. मग दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगून आकडा पाहावा. तो साडेनऊच्या खाली कोसळला, तर एकतर बॅटरी संपली आहे किंवा सेल्फ गरजेपेक्षा जास्त करंट ओढतो आहे. बुश झिजले की आर्मेचर घासू लागतं आणि असं होतं. आकडा खाली येत नाही, तरीही इंजिन आळसावल्यासारखं फिरतं? मग टर्मिनल, जाड केबल आणि अर्थिंग तपासायला घ्यावं. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर टेकवून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे किंवा ढिली झाली आहे असं समजावं.

शेतकऱ्याच्या गाडीत हा गंज जरा लवकर चढतो. याच पिकअपमधून खताच्या गोण्या येतात, औषधांचे कॅन येतात, आणि सांडलेलं खत ओलाव्याबरोबर नटबोल्ट खात राहतं. पट्टी काढून पॉलिश पेपरने घासली, घट्ट आवळली आणि वर ग्रीस लावलं, एवढ्यावर काम भागतं. गॅरेजवाला मात्र असं स्वस्तातलं काम स्वतःहून क्वचितच सुचवतो.

सगळं ठीक असूनही बॅटरी सकाळी उतरलेली मिळत असेल, तर अल्टरनेटर पाहावा. इंजिन चालू असताना मीटरवर १३.८ ते १४.४ व्होल्ट यायला हवेत. चार्जिंग नीट असेल तर नंतर बसवलेल्या साउंड सिस्टिम आणि एलईडी पट्ट्यांवर संशय घ्यावा, त्या रात्रभर थोडी-थोडी वीज पीत राहतात. ऑइलचीही चौकशी करावी. मॅन्युअल १५डब्ल्यू-४० सांगत असताना ‘जुनी गाडी आहे, जाड टाका’ म्हणून २०डब्ल्यू-५० भरलं असेल, तर थंडीत सेल्फवर ताण वाढणारच.

आता दुसरा आजार. इंजिन झपाट्याने फिरतंय पण पेटत नाही, अशा वेळी सायलेन्सरकडे पाहावं. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर निघत असेल तर डिझेल आत पोहोचतंय, पण जळत नाही. धूरच नसेल तर डिझेलच पोहोचत नाही.

धूर न येण्याचं जुन्या गाड्यांतलं नेहमीचं कारण म्हणजे लाइनने हवा पकडणं. टाकीपासून पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं, त्यामुळे त्या भागात भोक पडलं तरी गाडी चालू असताना डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत शिरते. चिरलेल्या नळीने ताक ओढावं तसा हा प्रकार. रात्रीत लाइनमधलं डिझेल मागे टाकीत उतरतं आणि सकाळी सेल्फला ते पुन्हा वर आणत बसावं लागतं. याची परीक्षा फुकटात होते: संध्याकाळी गाडी उतारावर, नाक खाली आणि टाकी वर राहील अशी लावावी, हँडब्रेक ओढून चाकांना दगड द्यावेत. त्या सकाळी ती पटकन सुरू झाली तर संशय पक्का. फिल्टरवरचा हातपंप कडक होईपर्यंत दाबल्यावर गाडी लगेच धरत असेल, तरी अर्थ तोच. मग फिल्टर आणि पंपामध्ये तात्पुरता पारदर्शक पाइप जोडून बुडबुडे दिसतात का, ते पाहता येतं. गुन्हेगार बहुधा किरकोळ निघतो. वाळलेला रबरी पाइप, ढिली क्लिप, दुसऱ्यांदा वापरलेलं तांब्याचं वॉशर किंवा फिल्टरचं चेपलेलं पॅकिंग.

फिल्टरखालचा पाण्याचा बोल्ट थंडीत आठवड्यातून एकदा सोडावा. ट्रॅक्टरसाठी ड्रममध्ये साठवलेलं डिझेल पिकअपमध्ये ओतण्याची सवय असेल, तर त्यातलं पाणी आणि गाळ याच फिल्टरात येऊन बसतो. शिवाय भारतीय मानकानुसार डिझेल थंडीने फिल्टरमध्ये तुंबण्याचं तापमान नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ६ अंशांपेक्षा आणि इतर महिन्यांत १८ अंशांपेक्षा जास्त नसावं लागतं. म्हणजे दसऱ्याच्या सुमारास भरून ठेवलेलं डिझेल पौषातल्या पहाटेला उपयोगी पडेलच, असं नाही. ते आधी संपवावं. फिल्टर तुंबलाच तर त्यावर गरम पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळावं. टाकीखाली किंवा इंजिनखाली बोळे पेटवण्याचा प्रकार अजूनही चालतो. त्याने गाड्या जळतात.

पांढरा धूर असेल तर हीटर प्लग तपासावेत. काही डीआय इंजिनांना ते नसतातच. असले तर प्लगची वायर काढून, टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरं प्लगच्या टोकाला लावावं. दिवा लागला नाही की प्लग गेला. चारही प्लग चांगले निघाले तर रिले आणि फ्यूज राहतात. स्टार्टिंग स्प्रे मात्र हीटर प्लगच्या इंजिनात मारू नये. तापलेल्या प्लगवर तो भलत्याच वेळी भडकतो आणि पिस्टन फुटू शकतो.

देशभर बीएस-४ लागू झालं ते एप्रिल २०१७ पासून. त्यानंतरच्या बहुतेक डिझेल पिकअपमध्ये कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना दाबाखालचं डिझेल पुरवणारी एकच नळी, आहे; त्याआधीच्या काहींतही ती होती. इथे रेलमध्ये पुरेसा दाब, अनेक गाड्यांत दोनशे बारच्या आसपास, तयार झाल्याशिवाय ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंजेक्टर उघडतच नाही. झिजलेला एखादा इंजेक्टर डिझेल रिटर्नला सोडत राहिला, तर हा दाब जमायला वेळ लागतो. स्कॅनरवर सेल्फ मारतानाचा दाब वाचता येतो. त्याहून सोपं म्हणजे चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या एकसारख्या बाटल्यांत सोडायच्या. जी बाटली इतरांपेक्षा लवकर भरते, तिचा इंजेक्टर दोषी. सगळे चार बदलण्याचं बिल हातात येण्यापूर्वी ही चाचणी आग्रहाने मागावी.

एक खबरदारी जिवाची आहे. जुन्या पंप-नोझलच्या गाडीत नोझलचा नट ढिला करून एअर काढतात, तसं कॉमन रेलमध्ये करू नये. चालत्या इंजिनात तिथला दाब हजार बारच्या वर जातो आणि ती धार कातडी भेदून आत शिरते. डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याचा जुना उपायही कॉमन रेलच्या पंपाला मारक, कारण त्याचं वंगण डिझेलच असतं.

गाडी सकाळी ठीक आणि बाजारातून निघताना, इंजिन तापलेलं असताना, रडत असेल तर गोष्ट निराळी. तापलेलं डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या पंपातून किंवा इंजेक्टरमधून जास्त निसटतं. कॉमन रेलमध्ये क्रँक सेन्सरही असाच तापल्यावर दगा देतो.

पेट्रोल किंवा सीएनजीच्या छोट्या गाड्यांत चावी दोन-तीन सेकंद ‘ऑन’ ठेवून मग सेल्फ मारावा. चावी दोनदा ऑन-ऑफ केल्यावरच पेट्रोलवर गाडी धरत असेल, तर टाकीतल्या पंपाचा दाब रात्रीत उतरतो आहे. कूलंटचा तापमान सेन्सर चुकीचं सांगत असला तरी थंड इंजिनाला पेट्रोल कमी मिळतं. काही दिवस उभ्या असलेल्या गाडीत उंदरांनी वायर कुरतडल्या आहेत का, हेही बॉनेट उघडून पाहावं.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये अर्धा मिनिट थांबावं. इतकं सगळं तपासूनही पांढरा धूर आणि उशीर कायम राहिला, तर कंप्रेशन मोजून घ्यावं. चालू इंजिनात ऑइलचं झाकण सैल केल्यावर धुराचे भपके येत असतील, तर रिंगा आणि लायनर झिजल्याची शंका बळावते. हे काम मोठं आहे, गाडी बरेच दिवस गॅरेजात अडकते. ऑइल फार खात नसेल तर चांगली बॅटरी, स्वच्छ फिल्टर आणि चालू हीटर प्लगांवर द्राक्षाचा हंगाम निभावून न्यावा आणि इंजिन एप्रिलमध्ये खोलावं.