तोल हाताला कळू दे

भोपाळ,
कार्तिक वद्य पंचमी

चि. सोनू,

तुझं पत्र मिळालं. नवी २००-५०० ची लेन्स आली, ती हातात धरून अंबाझरी तलावाच्या काठी दोन सकाळी घालवल्यास, आणि आता खांदे भरून आलेत असं लिहिलंयस. गिंबल हेड कुठलं घेऊ, हा तुझा प्रश्न. फोनवर दोन-चार नावं सांगून मोकळं होता आलं असतं. पण ही वस्तू नावावर घ्यायची नसते. तोल म्हणजे काय हे एकदा हाताला कळलं, की दुकानात उभी राहून तुझं तूच ठरवशील. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक घोटाळा दूर करतो. मोबाइलला लावतात ते बॅटरीवर चालणारं गिंबल वेगळं. ट्रायपॉडवर बसणाऱ्या आपल्या हेडमध्ये ना मोटार असते, ना बॅटरी. त्यात असतात फक्त दोन आस. एका आसाभोवती लेन्स डावी-उजवीकडे फिरते, दुसऱ्याभोवती वर-खाली. कल्पना फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात बायझंटियमच्या फिलोनं अशी दौत वर्णन करून ठेवली आहे, की ती कशीही उलटसुलट केली तरी शाई सांडत नाही. जहाज हेलकावे खात असतानाही होकायंत्र सपाट राहतं ते याच युक्तीनं. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांत ती रूढ झाली प्रामुख्यानं अमेरिकेतल्या विम्बर्ली हेडमुळे, आणि आज बाजारात दिसणारी बहुतेक हेडं त्याच घडणीची आहेत.

आता ही गोष्ट स्वयंपाकघरात करून बघ. खलातला बत्ता तळहातावर उभा धर. जरा कलला की पडलाच, कारण त्याचं वजन आधाराच्या वर आहे. बॉलहेडवर, म्हणजे एकाच गोळ्यावर सगळीकडे वळणाऱ्या साध्या हेडवर, लांब लेन्स बसवली की तिची गत या बत्त्यासारखी होते. उलट पाळणा बघ. वजन आसाच्या खाली, म्हणून कितीही झोका दिला तरी तो मधोमध परत येतो. गिंबलवर लेन्स पाळण्यासारखी आसाजवळ खाली उतरते, म्हणून ती कोसळत नाही. पण आपल्याला पाळणासुद्धा नको आहे. वर उडणाऱ्या पक्ष्यावर लेन्स रोखली आणि ती आपली आपण सपाट व्हायला लागली तर काय उपयोग? वजनाचा मध्य नेमका आसावर यायला हवा. मग लेन्स जिथे सोडशील तिथेच थांबते. गिंबलचं सगळं मर्म एवढंच आहे.

ते साधायचं कसं, तेही सांगतो. कॅमेरा, हूड, जे काही लावून फोटो काढतेस ते सगळं लावून लेन्सच्या पायाखालची प्लेट हेडच्या क्लॅम्पमध्ये बसव. एक हात लेन्सखाली राहू दे. वर-खालीचा नॉब सैल कर. तोंड खाली झुकलं तर प्लेट मागे सरकव, कॅमेऱ्याकडची बाजू खाली गेली तर पुढे. सपाट राहिली की पुढची पायरी. लेन्स आभाळाकडे तिरकी रोख आणि हळूच हात काढ. ती आणखी मागे कलंडत गेली, तर वजन आसाच्या वर आहे, म्हणजे लेन्स खाली घ्यायला हवी. सपाट व्हायला परत आली, तर ती फार खाली आहे, वर घे. जिथे सोडली तिथेच राहिली की झालं. तुझी लेन्स झूम करताना लांब होते आणि वजन पुढे सरकतं, म्हणून हा तोल ५०० वर ठेवूनच साध. पक्ष्यांसाठी तू बहुतेक वेळ तिथेच असणार.

यावरून निवडीची पहिली कसोटी निघते. हेडला उंची कमी-जास्त करायची सोय हवी. काही स्वस्त हेडांत ती नसते. पुढे-मागे तोल जमतो, पण वर रोखली की लेन्स हट्ट करते.

दुसरी कसोटी फिरण्याची. दुकानात तुझीच लेन्स त्यावर चढव, दुकानातल्या रिकाम्या हेडवर समाधान मानू नकोस. दोन बोटांनी अगदी सावकाश फिरव. सुरुवातीला धक्का बसतो का? मधेच वाळू अडकल्यासारखं कचकचतं का? मग नॉब आवळून लेन्सचं टोक हलकेच हलव. तिथे खुळखुळ जाणवली तर ते हेड परत ठेव. खोक्यावर किती किलो पेलतं हे छापलेलं असतं. तो आकडा मोजायची सगळ्यांची एकच रीत नाही, त्यामुळे त्याच्यावर विसंबू नकोस. तुझी लेन्स २.३ किलोची, कॅमेऱ्यासह तीन किलो किंवा थोडं वर. हे वजन पेलणारी हेडं भरपूर आहेत. कमतरता असते ती सफाईदार फिरणाऱ्यांची.

तिसरी गोष्ट आकाराची. पूर्ण हेडमध्ये लेन्सचा पाय खालच्या क्लॅम्पवर विसावतो, मग तो आवळायचा. दुसऱ्या प्रकारात लेन्स बाजूनं धरली जाते. हेड हलकं होतं, पण लेन्स चढवताना तिचं सगळं वजन एका हातावर तोलून दुसऱ्या हातानं क्लॅम्प आवळावा लागतो. थंडीत, पहाटेच्या अंधारात, बोटं गारठलेली असताना ते जिवावर येतं. तू एकटी फिरतेस, तेव्हा पूर्ण हेडच घे, थोडं जड असलं तरी.

एक प्रसंग तुला कधी सांगितला नव्हता. बऱ्याच वर्षांपूर्वी इथे बड्या तलावाच्या काठी, बिसनखेडीच्या बाजूला, मी एका स्नेह्याची लांब लेन्स मागून नेली होती. बॉलहेडवर बसवली. दूर शेतात सारसांची जोडी होती. त्यातल्या एकानं पंख पसरले, मी घाईत नॉब सैल केला, आणि लेन्स धाडकन पुढे आपटली. तिच्या वजनानं ट्रायपॉडचा एक पाय उचलला गेला आणि सगळं चिखलात. सारस केव्हाच उडाले होते. लेन्स दुरुस्त करून दिली, पण त्या स्नेह्याच्या घरी ती परत नेताना जड झालेले माझे पाय मला अजून आठवतात. तुझ्यावर ती वेळ येऊ नये. आणखी एक खबरदारी. प्लेटच्या दोन्ही टोकांना छोटे स्क्रू येतात, क्लॅम्प सैल पडला तरी लेन्स घसरून खाली जाऊ न देणारे. पुष्कळजण ते अडचण म्हणून काढून टाकतात. तू काढू नकोस.

पैसे किती, हेही विचारलंस. आधी पायांवर खर्च कर, मग डोक्यावर. लेचापेचा ट्रायपॉड असेल तर वर कितीही उंची हेड बसवलं तरी फोटो हलणारच. मधला खांब शक्य तर नसलेलाच घे. असलाच तर कधी वर उचलू नकोस, तो उचलला की ट्रायपॉडची काठी होते. आणि हेड लावण्याआधी ट्रायपॉडचा माथा सपाट कर. तो तिरका राहिला तर पाखराच्या मागे लेन्स फिरवत गेलीस की क्षितिज कलत जातं. नदीकाठी, उतारावर पाय लहान-मोठे करत बसण्यापेक्षा सपाट करायची वेगळी बैठक मिळते, ती पुढच्या वर्षी घे. आत्ता नसली तरी चालेल.

हेड कुठे नको, तेही लिहितो. पेंचला जिप्सीत ट्रायपॉड मांडायला जागा नसते. तिथे तांदूळ किंवा मूग भरलेली पिशवी गाडीच्या कडेवर टाक आणि लेन्स तिच्यावर ठेव. पुढे कधी दीड किलोच्या आतली लेन्स घेतलीस तर ती हातातच छान चालते. गिंबल हवं ते एका जागी उभं राहून वाट बघायला.

आणि माझ्या लेखी त्याची खरी किंमत तिथेच आहे. हात भरून आले की माणसाला घाई होते. दुखऱ्या खांद्यानं आपण थांबत नाही, पुढे सरकतो. दहा पावलं, मग आणखी दहा. तेवढ्यात पाखरू उठतं. महाराष्ट्रात सारस उरलेत ते गोंदिया-भंडाऱ्याकडचे मोजके. तुला ते जवळ आहेत, तू जाशीलच. त्यांच्या शेतात शिरून, घरट्याशी जाऊन मिळालेला फोटो मला दाखवू नकोस. वजन हेडवर टाक, बांधावर उभी राहा आणि त्यांना त्यांचं जगू दे. तासभरानं ती जोडी तुला विसरेल. माणूस असूनही नसल्यासारखं झालं, की मग जे दिसतं ते मागे धावून कधी मिळत नाही.

पौषात ये. आपला बडा तलाव ज्यात येतो ते भोज वेटलँड २००२ पासून पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे हे तुला माहीत आहे, पण त्याची सकाळ तू अजून पाहिली नाहीस. तलावाला लागून असलेल्या वनविहारच्या काठावर काळा-पांढरा खंड्या पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि मग दगडासारखा खाली सुटतो. त्याच्यामागे लेन्स नेणं ही गिंबलची खरी परीक्षा. नऊच्या आत काय ते आटपायचं, ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि चांगल्यात चांगल्या लेन्सचाही फोटो विरघळल्यासारखा येतो.

हेड घेतलंस की खोकं न फोडता आणू नकोस. घरी महिनाभर वापर, नॉब डोळे मिटून सापडू देत. इथे आलीस की मी काठावर उभा राहून एकच बघेन. तू दोन्ही नॉब सैल करशील, हात बाजूला घेशील, आणि लेन्स जागची हलणार नाही.

ताईला नमस्कार सांग. मामीनं तुझ्यासाठी तिळाचे लाडू आत्तापासून ठरवून ठेवलेत.

तुझा,
मामा